थोमा गवंडी नेपाळला जातो

एका गावात एक भोळा गवंडी होता. गाव नगरकडचं, गवंड्याचं नाव थोमा. हात असा की त्यानं बांधलेल्या भिंतीला ओळंबा लावायची गरजच नाही. डोक्याचं मात्र विचारू नका. सांगितलं की करायचं, एवढंच त्याला ठाऊक.

एकदा त्यांच्या चर्चची मंडळी सेवेसाठी नेपाळला निघाली. डोंगरातल्या एका वाडीला वरच्या झऱ्याचं पाणी साठवायला टाकी बांधून द्यायची होती, दहा दिवसांत. मंडळीत मास्तर होते, नर्सबाई होत्या, पेटी वाजवणारे तर तिघं होते. थापी धरणारा एकही नव्हता. म्हणून थोमाला घेतलं.

निघताना बायको रिबका म्हणाली, "अहो, मुलूख परका आहे. पाळकसाहेब सांगतील तसंच वागा. स्वतःचं डोकं चालवू नका."

"बरं," थोमा म्हणाला.

बाई शहाणी, पण इथं तिचंही चुकलंच.

वाडीत थोमा आणि पाळकसाहेब हर्कमाया नावाच्या आजीकडे उतरले. आजीची सत्तरी उलटलेली, गुडघे कामातून गेलेले. वाडीत पाणी नाही. ओढा खाली, आणि ओढ्यापर्यंत दोनशे दगडी पायऱ्या. आजी रोज दोनदा घागर घेऊन उतरायची आणि कण्हत कण्हत चढायची. तिनं मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, "बाबू, माझ्या दारात खरंच नळ येईल?"

थोमाला भडभडून आलं. "येणार आजी. हा थोमा सांगतो ना!"

जेवायला बसताना पाळकसाहेबांनी बजावलं, "गरिबाघरचं अन्न आहे. ताटात एक शीतसुद्धा टाकायचं नाही."

आजीनं भात वाढला. थोमानं ताट चाटूनपुसून लख्ख केलं. आता तिकडची रीत अशी की पाहुण्याचं ताट रिकामं दिसलं की पुन्हा वाढायचं. आजीनं वाढलं, यानं संपवलं. आजीनं वाढलं, यानं संपवलं. घामानं निथळला, डोळे पांढरे व्हायला आले, तरी शीत काही टाकलं नाही. शेवटी पातेलं रिकामं झालं. शेजारणीकडून भात आला, तोही गेला.

"अरे ए बकासुरा!" पाळकसाहेब म्हणाले. "ताटावर हात आडवा धरावा. पुरे, पोट भरलं, असं म्हणावं!"

"बरं," थोमा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी वाडीचे मुखिया धनबहादूर स्वागताला आले. हातात पिवळी रेशमी उपरणी, एकेका पाहुण्याच्या गळ्यात घालत पुढं सरकत होते. थोमाची पाळी आली. त्यानं हात आडवा धरला.

"पुरे. पोट भरलं."

मुखियांचं तोंड एवढंसं झालं. टाकीची जागा त्यांचीच होती हो! त्यांची समजूत काढता काढता पाळकसाहेबांच्या नाकी नऊ आले.

"थोमा, बाबा रे," ते म्हणाले, "कुणी गळ्यात काही घालायला आलं तर नाही म्हणू नये. मान पुढं करावी, हात जोडावेत, हसावं."

"बरं," थोमा म्हणाला.

पुढचे पाच दिवस काम झकास चाललं. भिंती उभ्या राहिल्या. वरचा स्लॅब टाकून झाला. सातव्या दिवशी थोमा जरा पाठ मोकळी करायला वाटेवर येऊन उभा राहिला. तेवढ्यात बटाट्याचं पोतं घेऊन एक हमाल आला. तिकडं ओझं पाठीवर घेतात आणि त्याचा पट्टा कपाळावर अडकवतात. हमाल पार दमला होता. त्यानं पोतं टेकवलं, पट्टा काढून थोमापुढं धरला आणि म्हणाला, "दाजू, जरा धरता का?"

थोमानं मान पुढं केली, हात जोडले आणि छानपैकी हसला.

हमालाला वाटलं, देवमाणूस भेटला. त्यानं पट्टा थोमाच्या कपाळावर चढवला आणि मोकळ्या हातांनी शीळ घालत पुढं निघाला. मागून थोमा, पाठीवर पोतं. दोघं डोंगर ओलांडून पलीकडच्या बाजाराला गेले. थोमा परत आला तो दोन दिवसांनी, कपाळावर वळ घेऊन.

इकडं मास्तरांनी गिलावा करून पाहिला. जेवढा भिंतीला लागला त्याहून जास्त मास्तरांना लागला. आजी रोज सकाळी टाकीकडं बघायची, सुस्कारा सोडायची आणि घागर घेऊन पायऱ्या उतरायची.

"हातातलं काम टाकून जातोस?" पाळकसाहेब कडाडले. "आता मी हाक मारीपर्यंत जागचं हलायचं नाही. आभाळ कोसळलं तरी!"

"बरं," थोमा म्हणाला. वाईट त्यालाही वाटलं होतं. त्यानं दिवसभर मान वर न करता टाकीचा आतला गिलावा पुरा केला आणि रात्री साहेबांनी हाक मारली तेव्हाच बाहेर आला.

उजाडला शेवटचा दिवस. दुपारी उद्घाटन आणि लगेच परतीची गाडी. थोमा पहाटेच कंदील घेऊन टाकीत उतरला होता. वरच्या तोंडातून पाळकसाहेब डोकावले. "थोमा, झाकण तेवढं बसव आणि सांधे भरून टाक. एकसुद्धा भोक दिसता कामा नये, काय?" एवढं बोलून ते अंघोळीला गेले.

थोमा विचारात पडला. झाकण बसवायचं तर बाहेर जायला हवं. बाहेर जायचं तर जागचं हलायला हवं. आणि साहेबांनी हाक तर मारलेली नव्हती! मग करणार काय बिचारा? आधी त्यानं पाणी यायच्या आणि जायच्या दोन्ही नळ्यांची तोंडं सिमेंटनं बुजवली. मग झाकणाची फरशी आतूनच ओढून घेतली आणि सांधे भरले. असे सुबक भरले की कुणीही बघत राहावं.

दुपारी सगळी वाडी जमली. प्रार्थना झाली, पेटी वाजली. आजी घासूनपुसून लखलखीत केलेली घागर घेऊन नळाखाली बसली. मुखियांनी नळ फिरवला.

टिपूस नाही.

पुन्हा फिरवला. नाहीच. आजीनं घागर हलवली नाही, पण तिच्या डोळ्यांना पाणी आलं. पाळकसाहेबांनी इकडंतिकडं पाहिलं. गवंडी कुठं उलथला? त्यांनी हाक मारली, "थोमाऽऽ!"

टाकीतून आवाज आला, "आलो साहेब!"

सगळ्यांनी टाकीकडं पाहिलं. कुणी आलं नाही.

"अरे, तू आत काय करतोयस?"

"तुमच्या हाकेची वाट बघत होतो."

"आणि पाणी का येत नाही?"

"येईल कुठनं? एकसुद्धा भोक ठेवलं नाही!"

हर्कमाया आजीनं घागर खाली ठेवली, मुखियांच्या माणसाच्या हातातली पहार हिसकावली आणि गुडघे विसरून टाकीवर चढली. पहिला घाव पडला तसा आतून थोमा कळवळून ओरडला, "फोडू नका हो! सिमेंट ओलं आहे, सात दिवस धक्का लागता कामा नये. साहेब, तुमची गाडी चुकेल, तुम्ही निघा पुढं. सात दिवसांनी नगरहून हाक मारा, मी लगेच येतो!"