तात्यांचं पोतं

फार पूर्वी, वस्तूंनाही वाचा होती तेव्हाची गोष्ट. तात्या मोठे पापभीरू. नको असलेली मांजराची पिल्लं ते मारत नसत. पोत्यात घालत, वाट विसरावी म्हणून पोतं गरगर फिरवत आणि ओढ्यापलीकडे सोडून येत. तिथली चंद्री कुत्री आणि तिच्या लेकी पिल्लं शोधून उंदरांनी गांजलेल्या घरी पोचवत. सगळी सापडत नसत.

"तू गप्प का?" चंद्रीनं एकदा पोत्याला विचारलं.

"थोरांची रीत आहे, बाई. मी फक्त ओझं नेतं."

"मग जी मेली, तीही तूच आणलीस."

पुढच्या खेपेला पोत्यानं भर चावडीपुढे स्वतःची शिवण उसवली. पिल्लं सुटली, चंद्रीच्या लेकी धावल्या. "कुजलं मेलं!" म्हणत तात्यांनी पोतं उकिरड्यावर फेकलं.

घर न मिळालेलं एक पिल्लू आता त्यातच झोपतं. पोतं त्याला ओझं म्हणत नाही.