महाराजांच्या स्कूटरच्या मखमली ग्रिपा

दौलतराव महाराजांनी स्कूटरच्या ग्रिपांची आणखी एक जोडी कोरड्या कारंज्यात भिरकावली आणि तळहातांवर फुंकर घालत ते म्हणाले, "ही पण टोचते!"

वडगिरीचं संस्थान केव्हाच विलीन झालं होतं. हत्ती गेला, घोडे गेले, मोटार गेली. उरली ती एक स्कूटर. तिच्यावर बसून महाराज रोज सकाळी गावातून फेरी मारत, कारण लोकांनी मुजरा करायचा तर महाराजांनी दिसायला तर हवं. पण हँडलच्या जुन्या ग्रिपा झिजून फाटल्या आणि फेरीहून परतताना महाराजांचे तळहात लालबुंद व्हायला लागले. तेव्हापासून दिवाणजी तालुक्याहून ग्रिपा आणत आणि महाराज त्या कारंज्यात टाकत. रबरी टोचल्या, स्पंजाच्या घामेजल्या, चामड्याच्या कडक निघाल्या. जाड घेतल्या तर बोटं पुरेनात, बारीक घेतल्या तर नखं तळहातात रुतत.

"नक्की कशा हव्यात ते तरी सांगावं," दिवाणजी रडकुंडीला येऊन म्हणाले.

"सोपं आहे. हातात ग्रिप आहे हे हाताला कळता कामा नये. आणि ती हातातून सुटताही कामा नये."

राजवाड्याच्या दरवाजातल्या देवडीत हौसाबाई कासारीण बांगड्यांचा पेटारा उघडून बसली होती. तिच्या सासूच्या वेळेपासूनची ती जागा. हे ऐकून ती फस्सकन हसली.

"कोण हसलं?" महाराजांनी विचारलं. दिवाणजींनी लगेच बोट दाखवलं. असल्या कामात ते कधी दिरंगाई करत नसत.

"हसू कशाचं आलं, हौसा?"

"म्हाराज, आमी आदी हात बघतो, मग माल काढतो. हितं समदी मालच बघायला लागल्यात."

"मग तूच आण ग्रिपा. उद्या सकाळच्या फेरीला पाहिजेत. जमलं नाही तर पेटारा उचलायचा आणि देवडी मोकळी करायची."

हौसाबाईचं हसू मावळलं. लग्नसराईत गावातल्या बायका याच देवडीत येऊन तिच्यापुढं हात करत. इथून उठून उन्हात रस्त्याकडेला बसलं तर कोण येणार होतं? क्षणभर तिला रडूच यायला झालं. मग तिनं पदर खोचला आणि ती सरळ महाराजांसमोर जाऊन उभी राहिली.

"हात द्या."

दिवाणजी तिला अडवायला पुढं झाले. पण कासारणीपुढं हात करायला राणीसाहेबही नाही म्हणत नसत, तिथं महाराज काय म्हणणार? हौसाबाईनं त्यांचा हात नवरीचा दाबावा तसा दाबून पाहिला.

"हात सैल सोडा, म्हाराज."

"सोडलाय."

"न्हाई सोडला. नव्या नवरीचा हात बी येवडा आवळल्याला नसतो!"

महाराज काही बोलायच्या आत ती कारंज्यात उतरली. टाकलेल्या ग्रिपा एकेक करून आपल्या पंजात धरून तिनं पाहिल्या, महाराजांच्या बोटांकडं नजर टाकली आणि काहीतरी पदराआड घेऊन निघून गेली.

सकाळी पाहावं तर स्कूटरच्या दोन्ही ग्रिपांवर जांभळी मखमल शिवलेली, आणि टोकाला दोन दोन हिरव्या बांगड्या किणकिणत होत्या.

"मखमलीच्या आत काय आहे?" महाराजांनी विचारलं.

"मी काय इकते, म्हाराज?"

"बांगड्या." महाराज चमकले. "म्हणजे या काचेच्या ग्रिपा आहेत?"

"कासाराचा नेम तुमास्नी ठावं हाय. भरताना बांगडी वाढली तर कासाराचं नुकसान. गिऱ्हाइकाच्या हातात वाढली तर गिऱ्हाइकाचं."

कासारीण बांगडी फुटली असं कधी म्हणत नाही, वाढली म्हणते. पण नुकसान कुणाचं, हे महाराजांना कुठल्याही शब्दात बरोबर कळायचं. त्यांनी तान्ह्या बाळाचा हात धरावा तशा त्या ग्रिपा धरल्या आणि स्कूटर बाहेर काढली.

देवडीत हौसाबाईनं पेटाऱ्याला दोर बांधून ठेवला होता. न जाणो, उचलायची वेळ आली तर!

फेरी संपवून महाराज परतले. टोकाच्या बांगड्या शाबूत होत्या. त्यांनी तळहात पाहिले, उलटे केले, पुन्हा पाहिले. लाली नावाला नव्हती.

"दिवाणजी, हाताला काही कळलंच नाही. सोडा ती मखमल. काचेची कारागिरी बघू."

दिवाणजींनी टाके उसवले. आत काळ्या रबराच्या साध्या ग्रिपा होत्या.

"महाराज," दिवाणजी ओरडले, "ही तर मी सगळ्यात आधी आणलेली जोडी! आपणच कारंज्यात टाकली होती!"

"हौसा, फसवलंस? काचेच्या म्हणालीस ना?"

"मी कुटं म्हनले? तुमीच म्हनला. तुमच्या बोटांच्या मापाची हीच जोडी हुती."

"मग तेव्हा टोचली, ती आज का नाही टोचली?"

हौसाबाईनं स्कूटरकडं पाहिलं, मग महाराजांकडं, आणि आवाज खाली आणला. "तवा तुमी धरत नव्हता, म्हाराज, आवळत हुता. हत्ती ग्येला, घोडी ग्येली, मोटार ग्येली. आता ही बी कोन तरी वढून न्हील म्हनून जीव भितोय. पर जरा बघा तरी हिच्याकडं. हिला कोन न्हेतंय?"

महाराजांनी स्कूटर नीट न्याहाळली. पोचा आलेला पत्रा, सुतळीनं बांधलेला दिवा, उसवलेली सीट. आणि ते असे हसत सुटले की नगारखान्यावरची कबुतरं उडाली.

"दोर सोड त्या पेटाऱ्याचा," डोळे पुसत ते म्हणाले. "देवडी तुझी. तुझ्या सुनेची, तिच्याही सुनेची. आणखी काय देऊ, बोल."

"माजा माल यष्टीनं येतो, म्हाराज. स्टँडावरनं डोक्यावर आनताना मान मोडती."

पुढच्या बाजारापासून बांगड्यांच्या पेट्या स्कूटरवरून येऊ लागल्या. चालवायला खुद्द दौलतराव महाराज. आणि आजवर त्यांच्या हातून एकही बांगडी वाढलेली नाही.