सटवाजीने मिठाईचं दुकान का घेतलं नाही

फार जुन्या काळची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर जरूर ऐकावी.

एका राजाची लढाई संपली. त्याने निम्मी फौज घरी पाठवली. निरोप देताना प्रत्येकाला एकेक घोडा दिला आणि सांगितलं, "याच्या जोरावर काहीतरी धंदा उभारा."

सटवाजी नावाचा शिपाई आपला घोडा घेऊन गावी आला. जवळच्या शहरात एका हलवायाच्या दुकानापुढे सदा झुंबड असे. ती पाहून बऱ्याच शिपायांनी घोडे देऊन त्याच गल्लीत मिठाईची दुकानं घेतली. सटवाजीनेही तोच ध्यास घेतला. महिनाभर तो घरी पेढे वळत बसला.

एक पेढा चावून त्याची बायको भागू म्हणाली, "अहो, हा पेढा आहे की खडा? फौजेत तुम्ही पंधरा वर्षं खोगिरं शिवलीत, पाण्याच्या कातडी पखाली शिवल्यात. तेच का करत नाही?"

"फाटकं शिवणं हा काय धंदा झाला? मिठाईला मान आहे!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो घोडा देऊन दुकान घ्यायला निघाला. वाटेत मात्र त्याच्या मनात सारखं येत होतं, घोडा गेला आणि पेढे खपले नाहीत, तर?

घाटाच्या पायथ्याशी मीठ वाहणारा एक तांडा खोळंबला होता. खडकाला घासून त्यांची मोठी पखाल फाटली होती. पाणी भळाभळा मातीत चाललं होतं आणि बायका ते ओंजळीत धरत होत्या. पुढचं पाणी घाटापलीकडे, अर्ध्या दिवसाच्या वाटेवर.

सटवाजीने घोड्यावरून उडीच टाकली. फाटलेली जागा मुठीत आवळून तो ओरडला, "फाटलेली बाजू वर करा! दोरा आणा, मेण आणा!" सवयीने कमरेला असलेली कातडं शिवायची आरी त्याने काढली आणि भराभर टाके घातले. पाणी थांबलं. निम्मी पखाल पाणी वाचलं होतं.

तांड्याचा म्हातारा नायक त्याचे हात धरून म्हणाला, "देवासारखा आलास, बाबा! बारा कोसांत पखाल शिवणारं कुणी नाही. तुझं दुकान कुठे आहे?"

"अजून घ्यायचंय," सटवाजी पुटपुटला. "मिठाईचं."

नायक हसला. "मिठाई आम्ही सणाला खातो रे. पाणी रोज पितो."

सटवाजीने आरी पुन्हा कमरेला खोचली. मग महिन्याभरात पहिल्यांदाच त्याने मोकळा श्वास घेतला, आणि घोडा घराकडे वळवला.

त्याला घोड्यावर बसून येताना पाहून भागू उंबऱ्यातच टेकली. "सुटले बाई! सकाळपासून जीव टांगणीला लागला होता."

सटवाजीने घाटाच्या पायथ्याशी छप्पर टाकलं. तांड्यांच्या पखाली येऊ लागल्या, मग शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या चामडी मोटाही. हाताला उसंत राहिली नाही.

वर्षभरात मिठाईच्या गल्लीतली शिपायांची बरीच दुकानं बंद पडली. तिथला एक जुना सोबती पडल्या चेहऱ्याने सटवाजीकडे आला.

"फौजेत तू काय करायचास?" सटवाजीने विचारलं.

"घोड्यांना नाल ठोकायचो."

"मग शेजारी जागा रिकामी आहे की! तांडेवाले रोज नालबंदाची चौकशी करतात."

सोबत्याचा चेहरा उजळला. चौथ्या दिवशी तिथे ऐरणीचा आवाज घुमू लागला.

तात्पर्य : धंदा निवडताना दुसऱ्याच्या दारातली गर्दी पाहू नये, आपल्या हाताला काय येतं आणि लोकांचं कशावाचून अडतं, ते पाहावं.