थोरल्या महाराजांची हिंदी

“...ते सगळं खरं, बुवा, पण माझं नाम कधी देणार?”

श्रीरंग दातीरने हा प्रश्न इतक्यांदा विचारला होता, की तो सुरू झाला की वाघझरीच्या मठातली मांजरंसुद्धा कंटाळून उठून जात.

भैरूबुवा ओसरीवर शेंगा सोलत बसले होते.

“टीव्ही बोलला?” त्यांनी विचारलं.

“बोलतोय ना.”

“कुठल्या भाषेत?”

श्रीरंगने कान खाजवला.

“...हिंदीत.”

“मग हिंदीतून नाम देऊ?” बुवांनी शेंग तोंडात टाकली.

भानगड अशी होती. त्या दिवशी थोरल्या महाराजांची, म्हणजे भैरूबुवांच्या गुरूंची पुण्यतिथी. महाराजांच्या कीर्तनाची एकच चित्रफीत जगात शिल्लक. तिच्यात चित्र एक, आवाज दोन. एक महाराजांचा स्वतःचा, मराठी. दुसरा इंदूरच्या एका मिठाईवाल्या भक्ताचा. तिकडच्या मंडळींना कळावं म्हणून त्याने अख्खं कीर्तन हिंदीतून वरून बोलून ठेवलेलं.

टीव्हीच्या मागे एक डबी लावली होती. ती त्यातला मराठी आवाज निवडायची आणि महाराज बोलू लागायचे. सगळं सुरळीत.

मग श्रीरंगने त्या चित्रफितीची सेवा केली.

तेव्हापासून महाराज हिंदी बोलत होते.

“आरतीच्या आत महाराज त्यांच्या भाषेत बोलले, तर नाम आज,” बुवा म्हणाले. “नाही बोलले, तर पुढच्या पुण्यतिथीला बघू.”

पुढची पुण्यतिथी! नाम म्हणजे गुरूने शिष्याच्या कानात सांगायचा मंत्र. तो आज मिळणार, असं तो नाशकात सगळ्यांना सांगून आला होता. सोवळं नवं घेतलं होतं, नारळ वाजवून घेतला होता आणि ज्या कानात नाम घ्यायचं, तो उजवा कान सकाळीच दोनदा धुतला होता.

“आरतीला खूप अवकाश आहे,” तो छाती काढून म्हणाला. “माझ्या हातचा मळ आहे हा, बुवा.”

त्याचं तसं खोटं नव्हतं. नाशकात त्याच्या घरी प्रत्येक खोलीत टीव्ही होता आणि प्रत्येक टीव्हीला डबी. त्याच्या सोसायटीत त्याला विचारल्याशिवाय कुणी रिमोटचं बटण दाबत नसे. एकदा म्हणे शेजाऱ्याचा बंद पडलेला टीव्ही त्याने फोनवरून नुसतं खाकरून चालू केला होता. हे तो स्वतःच सांगे, पण रंगवून सांगे.

तेवढ्यात हौसाआक्का आल्या.

थोरल्या महाराजांना उभा जन्म भाकरी करून घातलेली बाई. दरसाल ह्या दिवशी टेकडी चढून यायची, टीव्हीसमोर मांडी घालून बसायची. त्या कीर्तनात मधेच थांबून महाराज दाराकडे बघत आणि विचारत, “हौसे, आलीस का गं?” तेवढं एक वाक्य ऐकायचं, डोळ्यांना पदर लावायचा आणि भाकऱ्या थापायला स्वयंपाकघरात जायचं. आक्कांची पुण्यतिथी एवढीच.

श्रीरंगने टीव्ही लावला. काय सांगावं, हात लागताच सुधारलाही असेल.

पडद्यावर महाराजांची दाढी हलली.

“प्यारे भक्तजनों...” पाकातून काढल्यासारखा आवाज आला.

आक्कांनी श्रीरंगकडे बघितलं.

“कोन ह्यो?”

“आक्का, महाराज.”

“दाढी म्हाराजांची हाय. बोलनारा पेढं इकतोय.”

पुढे ती जागा आली. महाराज थांबले. दाराकडे वळले.

“हौसा जी, पधार गईं आप?”

आक्का ताडकन उठल्या.

“शिरंगा, मला आजवर जी म्हनून कुनी हाक मारली न्हाई. नवऱ्यानं बी न्हाई.” त्यांनी पदर खोचला. “म्हाराज आले की सांग. तवर मी पिठाचं बघते.”

श्रीरंग कामाला लागला.

त्याने डबी काढून लावली. टीव्ही बंद करून चालू केला. वायर बदलली, मग तीच वायर उलटी लावली. आवाज बदलायचं पान उघडलं, तर ते कोरं. डबीचं म्हणणं, ह्यातली एकही भाषा माझ्या ओळखीची नाही, सबब जो आवाज पुढे उभा असेल तो मी लावते. पुढे उभा होता मिठाईवाला.

मग त्याने अख्खी चित्रफीत लॅपटॉपवर घालून पहिल्यापासून नव्याने बनवायला घेतली. लॅपटॉप असा तापला, की हौसाआक्का आल्या आणि त्याच्या पाठीवर पापड भाजून घेऊन गेल्या.

नवी चित्रफीत तयार झाली. त्याने लावली.

हिंदी आणखी स्वच्छ ऐकू आली.

ऊन ओसरीवरून उतरलं. कुणीतरी आरतीची निरांजनं घासायला घेतली. श्रीरंग घामाघूम होऊन बुवांच्या समोर येऊन बसला.

“डबीच खराब आहे,” तो म्हणाला.

“परवा चांगली होती.”

“टीव्ही जुना झालाय.”

“एका दिवसात?” बुवांनी शेंग फोडली. “काल तू काय केलंस?”

“काही नाही.”

“काहीच नाही?”

“...थोडी साफसफाई.”

“कशाची?”

“टॅगची.” आता समजावून सांगायची वेळ आल्यामुळे श्रीरंगला जरा हुरूप आला. “म्हणजे असं बघा, बुवा, चित्रफितीच्या पोटात चिठ्ठ्या असतात. हा आवाज कुणाचा, कसला. बघणाऱ्याला त्या दिसत नाहीत. फक्त डबी वाचते.”

“बरं.”

“त्या चिठ्ठ्यांवर कुणीतरी घाण लिहून ठेवली होती.”

“कुणी?”

श्रीरंगने आवाज खाली आणला. “नदीपलीकडच्या मठाचं काम असणार.”

“काय लिहिलं होतं?”

“बोलवत नाही.”

“शिवी?”

“दोन शिव्या. एका आवाजावर एक, दुसऱ्यावर दुसरी.”

“पहिली सांग.”

“...हीन.”

“महाराजांना?”

“त्या मिठाईवाल्याला. एच, आय, एन. स्पष्ट इंग्रजीत. हीन!”

बुवांनी टरफलं एका बाजूला सारली. “आणि दुसरी?”

“नाही, बुवा. पुण्यतिथीच्या दिवशी नाही. ह्या ओसरीवर तर नाहीच नाही.”

“मग कानात सांग.”

श्रीरंगने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. गुडघ्यांवर सरकत पुढे गेला. गुरूच्या कानाशी शिष्याने तोंड न्यायचं म्हणजे सगळा उफराटाच कारभार. पण आज्ञा ती आज्ञा. त्याने तोंडावर हात धरला आणि हळूच सांगितलं,

“मर.”

बुवांनी डोळे मिटले.

निरांजनं घासण्याचा आवाज येत राहिला...

“बरं,” बुवा म्हणाले. “प्रयत्न करतो.”

“अहो, तुम्हाला नाही!” श्रीरंग कळवळून ओरडला. “तिथं लिहिलं होतं! एम, ए, आर! महाराजांच्या आवाजावर!”

“असं होय.” बुवांनी डोळे उघडले. “मग तू काय लिहिलंस?”

“एकावर ‘जय’. दुसऱ्यावर ‘श्री’. तीनच इंग्रजी अक्षरं मावतात तिथे, बुवा, तरी बघा कसं बसवलं. कसं शोभून दिसतं!”

“शोभतं,” बुवा म्हणाले. “मग डबी काय म्हणते?”

“म्हणते, ओळखत नाही.”

“ती तरी काय करेल? तिला ‘जय’ येत नसेल.”

“बुवा, ‘जय’ ही काय भाषा आहे का, येत नसेल म्हणायला!” श्रीरंग हसला. “डबी तिथे भाषेचं ना...”

आणि तो थांबला.

त्याचे ओठ हलू लागले. “हिन...” तो पुटपुटला. “हिन... हिंदी...” मग त्याचा चेहरा असा उतरला, की समोरच्या मांजरानेही मान वळवली. “मर... मरा...”

शेवटचं ‘ठी’ बाहेर पडायच्या आत त्याने कपाळावर हात मारला.

बुवा पुढची शेंग निवडत होते.

“जा,” ते म्हणाले. “शिव्या घालून ये.”

“आजच्या दिवशी? माझ्या हातांनी?”

“तूच पुसल्यास ना?”

श्रीरंग लॅपटॉपसमोर बसला. आधी कान पकडले, मग महाराजांच्या तसबिरीकडे बघून गालांत मारून घेतल्या. मिठाईवाल्याच्या आवाजावर एच, आय, एन लिहिताना फारसं काही वाटलं नाही. महाराजांच्या आवाजावर एम, ए, आर लिहिताना मात्र नजर तसबिरीकडेच राहिली, त्यामुळे पहिल्या खेपेला दोन एम पडले. त्याने एक खोडला. चित्राला हात लावला नाही. आवाजालाही लावला नाही. जांभई द्यायला लागेल तेवढ्यात काम संपलं.

त्याने टीव्ही लावला आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

डबी घुटमळली...

कुणीतरी खोकलं. तंबाखूचा, खणखणीत खोकला.

“बसा रे. आणि दारातल्या चपला नीट लावा आधी,” थोरले महाराज म्हणाले.

ओसरीवरची माणसं नकळत उठली आणि चपला नीट लावून आली. खुद्द भैरूबुवांनी आपल्या खडावा सरळ केल्या.

कीर्तन रंगू लागलं. मग ती जागा आली. महाराज थांबले. दाराकडे वळले.

“हौसे, आलीस का गं?”

स्वयंपाकघरात परात पडली.

“आले, म्हाराज!” पिठाच्या हातांनी आक्का धावत आल्या आणि टीव्हीसमोर मटकन बसल्या. “तव्यावर भाकरी टाकून आले बघा!”

पलीकडे ती भाकरी करपली. वास ओसरीभर झाला. उठलं कुणीच नाही. आक्कांनी डोळ्यांना पदर लावला. पीठ भुवयांना लागलं.

“आता कसं,” त्या म्हणाल्या. “करपली म्हनतील आता.”

आरती झाली. श्रीरंग नवं सोवळं नेसून, नारळ घेऊन बुवांसमोर बसला. उजवा कान त्याने पुन्हा एकदा धुतला होता. नाशकाला गेल्यावर हे कुणाला कसं सांगायचं, त्याचीही मनात जुळवाजुळव झाली होती. डबीचं दुखणं आपण कसं ओळखलं, इथून ती सुरू होत होती. शिव्या त्यात नव्हत्या.

“बुवा,” तो म्हणाला. “नाम.”

बुवांनी त्याला बोटाने जवळ बोलावलं. श्रीरंगने कान पुढे केला. डोळे आपोआप मिटले.

बुवांनी कानात एकच शब्द सांगितला.

श्रीरंगने डोळे उघडले.

“बुवा... अहो, हे तर टीव्हीचं! एम, ए, आर!”

“हो.”

“नाही, म्हणजे, टीव्हीला ठीक आहे. पण मला काहीतरी वेगळं असेल ना? माझ्याजोगं? म्हणजे बघा, माझ्या घरी प्रत्येक खोलीत डबी आहे. सोसायटीत मला विचारल्याशिवाय पान हलत नाही. आज सकाळपासून मी, म्हणजे मीच की नाही, शेवटी मीच ओळखलं ना, की...”

तो बोलत राहिला.

बुवा ऐकत राहिले. मुठीतल्या शेंगा संपल्या, तेव्हा त्यांनी टरफलं गोळा केली आणि उठले.

“टीव्हीने एका झटक्यात घेतलं,” ते म्हणाले. “तुझं बघू.”