दुसऱ्याच्या हातची पेज

“मग पुढची ओवी गेली कुठे, बुवा?”

त्र्यंबकशास्त्र्यांनी विचारलं. मठातली सबंध पोथी त्यांना तोंडपाठ. पठणात कुणी अडखळलं, की भुवई वर जायची ती त्यांचीच. आणि आज सकाळी, साऱ्यांसमोर, तेच मध्ये अडले होते.

निरंजनबुवा मेथी निवडत राहिले.

“काल दूध उतू गेलं, मी समोर उभा. द्वारकेला गोळी दिली की नाही, तेही आठवेना. माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं... हे तेच का?”

“मला ठाऊक नाही. डॉक्टरांना दाखव.”

शास्त्री चिडले. “ते कुणीही सांगेल! तुम्ही काहीतरी द्या. एखादा मंत्र, एखादं अनुष्ठान.”

“झोपतोस कधी?”

“द्वारका झोपते तेव्हा.”

“आणि ती?”

“तासातासाला उठते.”

अर्धांगवायूनं बायको अंथरुणाला खिळल्यापासून तिची कूस बदलणं, अंग पुसणं, भरवणं, सगळं तेच करत. मुलगी येते म्हणाली, तिला नको म्हटलं. शेजारीण बसते म्हणाली, तिलाही नको. ‘दुसऱ्या कुणाला ते जमायचं नाही,’ असं सांगताना या वयातही त्यांची मान ताठ व्हायची.

बुवांनी मेथी बाजूला सारली. भिंतीशी घोंगडी अंथरली.

“टेक जरा.”

“तिला आत्ताच डोळा लागलाय. ती उठायच्या आत मला...”

“टेक.”

पाठ टेकली मात्र, शास्त्र्यांचे डोळे मिटले.

जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती. मठात कुणी नव्हतं. वहाणा न घालताच ते घराकडे धावले.

दार सताड उघडं. बुवा पलंगाशी बसून द्वारकाबाईंना पेज भरवत होते. उशी भलतीकडेच सरकलेली. पेज हनुवटीवरून गळ्याशी ओघळत होती.

“अहो बुवा, असं नाही! मान धरायची आधी... बघा, किती सांडतंय!”

द्वारकाबाईंनी पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.

बुवांनी उपरण्याच्या टोकानं त्यांचा गळा पुसला. उशी सारखी केली. पुन्हा चमचा भरला.

“सांडतंय खरं,” ते म्हणाले. “उद्या कमी सांडेल.”