पुसलं तरी पुन्हा

“...आणि पुसून टाकलं तरी पुन्हा येतंच कसं, बाबा?”

सुयोग विचारत होता. विचारण्यात प्रश्न कमी, तक्रार जास्त.

चेतननाथबाबा चिमट्याने धुनीतली राख सारखी करत होते. कानातली जड कुंडलं तेवढी हलत होती.

“काय पुसलंस?”

“कुकीज.”

“ते काय असतं?”

सुयोग हसला. पुण्याचा माणूस, कम्प्युटरच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावरचा. बायकोला माहेरी कायमची सोडायला निघाला होता. तिचं माहेर आमच्या डोंगराच्या पलीकडच्या अंगाला. त्याच्या वडिलांची बाबांवर श्रद्धा, म्हणून वाटेत मठात चढून आला. पाया पडायला आलोय, म्हणाला. विचारायला आलोय असं नाही म्हणाला.

बायको, मृदुला तिचं नाव, खाली अंगणात चिंचेच्या सावलीला आमच्या बायांबरोबर भंडाऱ्याचे तांदूळ निवडत बसली होती. पाठ आमच्याकडे. मी ओट्यावर, मठाच्या चुलीपाशी, भाकऱ्या करत. तिथून ते दोघेही दिसत होते आणि तीही.

“सोपं करून सांगतो,” सुयोग म्हणाला. “कम्प्युटरवर आपण एखाद्या दुकानात गेलो, म्हणजे साइटवर, की ते दुकान आपल्या खिशात हळूच एक चिठ्ठी टाकतं. ती कुकी. पुन्हा गेलो की चिठ्ठी बघून ओळखतं, हा तोच मघाचा. मग नाव-गाव परत विचारत नाही.”

“चांगलंय की.”

“ती चांगलीच. पण दुकानात मालक सोडून आणखी एक उपरा बसलेला असतो. तोही चिठ्ठी टाकतो. आणि तोच उपरा दुसऱ्या दुकानात, तिसऱ्या दुकानात, बातम्यांच्या पारावर, सगळीकडे. इथे चपला बघितल्या की बातम्या वाचताना चपलांच्याच जाहिराती समोर.”

“न विचारता टाकतो?”

“विचारतात ना. पाटी येते. ‘स्वीकारा’ हे ठळक, ‘नको’ हे कोपऱ्यात, बारीक. लोक वाचतच नाहीत. समोरची पाटी जावी म्हणून हो म्हणतात.” त्याने छातीला हात लावला. “तसल्या पाट्या मीच बनवतो.”

बाबांनी पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं.

“तू काय म्हणतोस? हो की नको?”

“मी नेहमी नको.”

“आणि घरची?”

“ती? ती सगळ्याला हो. वाचायचं नाही, विचारायचं नाही. आताशा तर तोंड उघडतच नाही. काहीही बोला, मान हलवते.”

“काहीही?”

“काहीही! परवा म्हटलं, आपलं काही जमत नाही, तुला माहेरी सोडून येतो, कायमची. तर मान हलवली. वरून हसली. विषयच संपला.”

बाबांनी चिमटा खाली ठेवला.

“हसली?”

“हसली. बाबा, तुम्हाला काय सांगू, हाका मारून माझा घसा बसतो. आतल्या खोलीतून हाक मारली तर ओ नाही. जेवताना विचारलं तर भलतंच उत्तर, नाहीतर तेही नाही. स्वतःच्या आईशी फोनवर बोलायचं सोडलंन्, फोन माझ्या हातात देते. इतका माज. रोज विचारतो, बहिरी झालीस का गं? त्याचंसुद्धा उत्तर नाही.”



धुनीत एक लाकूड कलंडलं. ठिणग्या वर गेल्या, विझल्या.

“ते पुसण्याचं बोलायचं राहिलं,” बाबा म्हणाले. “तुझ्या मागे कसल्या जाहिराती लागल्यात? चपलांच्या?”

“छे. तेच तर हसू येतं. कानाच्या यंत्रांच्या! ऐकू येत नाही त्यांनी लावायची ती. घरचा कम्प्युटर उघडला की तेच. क्रिकेट बघतोय, बाजूला कानाचं यंत्र. बँकेचं व्याज बघतोय, कानाचं यंत्र. माझे कान सशासारखे आहेत, बाबा. पलीकडच्या घरातलं भांडण ऐकू येतं मला.”

मी चुलीपाशी गालात हसले. त्यालाही बरं वाटलं.

“मग केलंस काय?”

“सेटिंगमध्ये गेलो, सगळ्या कुकीज पुसल्या. स्वच्छ. दोन दिवस बरं गेलं. पुन्हा सुरू. पुन्हा पुसल्या. पुन्हा सुरू.”

“उपऱ्याला दारातच अडवता येत नाही?”

“येतं की. उपऱ्यांच्या चिठ्ठ्या बंद, अशी एक कळ असते. कचेरीतल्या सगळ्यांना मीच लावून दिलीय. घरच्यावर तेवढं राहिलंय.” तो जरा ओशाळला. “घराकडे बघायला वेळ कुठे होतो?”

“बरं. त्या उपऱ्याला तू ओळखू येतोस? तुझा चेहरा?”

“नाही, नाही. त्याला चेहरा नाही कळत. त्याला कम्प्युटर कळतो. ह्या कम्प्युटरवर बसून कुणीतरी कानाची यंत्रं बघितली, एवढंच त्याच्यापाशी असतं.”

“आणि पुसून टाकल्यावर?”

“पुसल्यावर त्याच्यापाशी काही उरत नाही.”

“मग पुन्हा कसं येतं?”

“पुन्हा कुणीतरी बघितलं तरच येतं.” फटकन उत्तर दिलंन्. मास्तरासमोर हुशार पोरगं देतं तसं.

“तू बघितलंस?”

“मी कशाला बघू?”

“घरात राहता किती जण?”

“दोघंच. मी आणि...”

तो थांबला.

तोंड तसंच उघडं राहिलं. मी हातातलं उलथणं धरून तशीच. तव्यावरची भाकरी करपायला लागली, वास आला, पण हात हलेना.

“नाही,” सुयोग म्हणाला. “नाही हो, बाबा. तिचं वय काय... एकतीस. असं कसं? मला बोलली असती.”

बाबा उठले.

आमच्या मठाची घंटा सभामंडपाच्या तोंडाशी टांगलेली. पंचधातूची, माणसाच्या मिठीत मावायची नाही एवढी. तिचा आवाज खालच्या वाडीत जातो, औताचे बैल थबकतात. आणि रीत अशी, की घंटा झाली की हातातलं टाकून उभं राहायचं आणि ‘आदेश’ म्हणायचं. लेकुरवाळी असो, म्हातारं असो, पानावर बसलेलं का असेना. जन्म गेला माझा तिथे, घंटेला बसून राहिलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं.

ती वेळ घंटेची नव्हती. ऊन माथ्यावर यायचं होतं.

बाबांनी लाकडी मोगरी दोन्ही हातांनी उचलली आणि दिली ठेवून.

अगं बाई! कडाडलीच ती. चिंचेवरचे कावळे एकदम उठले. ओट्याखालचं कुत्रं शेपूट घालून पळालं. लाकडं घेऊन येणाऱ्या गड्याने मोळी तिथेच टाकली. साऱ्या बाया ताडकन उभ्या. “आदेश! आदेश!” मीसुद्धा, उलथण्यासकट.

मृदुला तांदूळ निवडत होती.

खडा वेचला. बाजूला ठेवला. दुसरा वेचला.

बाबांनी पुन्हा मारली.

तिने सूप जरा झटकलं. फोलपटं उडाली. मान खालीच.

मग तिच्या सुपावर शेजारणीची सावली पडली असेल. तिने वर पाहिलं. सगळ्या उभ्या. ती अशी दचकली म्हणून सांगू! चोरी सापडल्यासारखी धडपडत उठली, सूप कलंडलं, तांदूळ मातीत. हात जोडलेन्. आणि या बाईच्या तोंडाकडे बघ, त्या बाईच्या तोंडाकडे बघ... ओठ कसे हलतात ते बघून बघून आपले हलवले.

“आदेश,” तिने म्हटलं. सगळ्यांचं म्हणून झाल्यावर. एकटीनेच, आणि जरा मोठ्यानेच.

कुणी हसलं नाही.

घंटेचा घुमारा विरत गेला...

सुयोग खांबाला धरून उभा होता. रंग उडालेला. काही वेळापूर्वी चिठ्ठ्या आणि उपरे सांगणारा हाच का तो, असं वाटावं.

“मी तिला रोज...” तो म्हणाला.

मग म्हणाला, “मान हलवली होती तिने. माहेरी सोडतो म्हटलं तेव्हा. हसून...”

बाबांनी मोगरी जागेवर ठेवली.

“तिने ते ऐकलंच नव्हतं, बाबा. तिला वाटलं असेल, चार दिवस माहेरी नेतोय. पिशवी भरताना खूश होती. आईसाठी साडी घेतलीन्.”

बाबा धुनीपाशी आले, कडेची राख तळहाताने आत लोटली.

“कधीपासून असेल हे?”

“मी तिला आजच पाहिली,” बाबा म्हणाले.

सुयोगने तोंडावरून हात फिरवला. खाली मृदुला उकिडवी बसून मातीतले तांदूळ गोळा करत होती. बाया “राहू दे गं, राहू दे,” म्हणत होत्या. ती गोळा करतच होती.

तो एकदम पुढे झाला. ओट्याच्या कडेला आला, छाती भरून श्वास घेतला, आणि डोंगर हलेल अशी हाक मारायला तोंड उघडलं...

बाबांनी त्याच्या तोंडावर तळहात ठेवला. राखेचा. तसाच उमटला ओठांवर.

“हाक नको. समोर जा.”