घंगाळातील उष्णतेचा चोर

हरवलेली उष्णता शोधायची, तर ती कोणाला मिळाली हे पाहावे, ही उष्णता-संतुलनाची रीत भालदरी संस्थानात एका पाणी तापवणारीने वापरल्याची कथा सांगतात.

अधिपती रणधवलराव थंडीने कुडकुडत येऊन तासभर प्रचंड घंगाळात बसत आणि पाणी निवले की संतापत. एके दिवशी पंचा गुंडाळून त्यांनी पाणी तापवणाऱ्या चिमाक्काला बोलावले.

“पाण्यातली उष्णता तूच चोरतेस! चोर दाखव, नाहीतर संस्थानाबाहेर चालती हो!”

“दाखवते, सरकार. मघाशी जे गार होतं आणि आता ऊन आहे, तोच चोर.”

तिने फरशी, भिंत, घंगाळाचा काठ चाचपला. सारे गारच निघाले. मग तिने शेजारी उभ्या असलेल्या कारभाऱ्यांना सरकारांच्या पाठीला हात लावायला सांगितले.

“चांगलीच ऊन आहे की!” कारभारी बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

“मुद्देमाल सापडला,” चिमाक्का म्हणाली. “आता सरकारांनी याच पाण्यात बसून तो परत करावा. पाणी पुन्हा कढत झालं, की मी संस्थान सोडते.”

राजेसाहेबांनी एव्हाना गारठलेल्या पाण्यात एक बोट बुडवले, किंचाळून बाहेर काढले आणि खटला तिथल्या तिथे काढून टाकला.